गॅस की वीज? तीन बिऱ्हाडांचा हिशेब

घरात नवी चूल आली की तिच्याबरोबर एक नवी भीतीही येते. लाकडाची चूल जाऊन कोळशाची शेगडी आली तेव्हा जुन्या बायकांनी नाके मुरडली. शेगडी मागे पडून पंपाचा स्टोव्ह आला तेव्हा त्याच्या फरफराटाने घरातली पोरे बाहेर पळाली. १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत ‘बर्शेन’ नावाचा गॅस लोखंडी टाक्यांतून घरोघर द्यायला सुरुवात केली. पुढे २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्यात ‘इंडेन’ची पहिली जोडणी दिली गेली. “गॅसवर रांधलेले खाल्ले की पोटात गॅस धरतो,” असे छातीठोकपणे सांगणारे महाभाग तेव्हाही होते! मग त्याच गॅससाठी माणसे वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसली, आणि ‘मुलाकडे गॅस आहे’ ही गोष्ट स्थळ सुचविताना आवर्जून सांगण्याजोगी झाली.

आता त्या गॅसवर पेन्शनीत निघण्याची पाळी आली आहे, असे म्हणतात. त्याच्या जागी यायला विजेची शेगडी, म्हणजे सर्वांच्या तोंडी झालेले ‘इंडक्शन’, उंबऱ्यावर उभी आहे. दुकानदार म्हणतो, स्वस्त पडेल. सरकार म्हणते, परदेशी गॅसचे पैसे वाचतील. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, “मेल्यावर भाकरी कुठे फुगते?” तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. पण ‘स्वस्त’ हा शब्द ऐकला की मला विचारावेसे वाटते, कोणाला स्वस्त? म्हणून मी आमच्या नाशिकमधल्या तीन बिऱ्हाडांची गॅसची आणि विजेची बिले मागून घेतली, पाटावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि बेरजा-गुणाकार केले. त्याचा निष्कर्ष वाचकांपुढे ठेवतो.

सव्वाशे युनिटांचा सिलिंडर

आधी दोन्ही चुलींची जात समजून घेऊ. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याला न लागता बाजूने निघून जाते. उन्हाळ्यात ओट्याशी उभ्या असलेल्या गृहिणीला हे सांगावयास नको; ती उष्णता तिच्याच कपाळावर पोचलेली असते. रोजच्या वापरात गॅसच्या शंभर भाग उष्णतेपैकी साठ भाग अन्नाला मिळाले तरी चांगले म्हणावयाचे. इंडक्शनमध्ये ज्योत नसते. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह गेला की वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याच्या बुडातच प्रवाह उत्पन्न होतात आणि भांडे स्वतःच तापते. येथे शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास भाग अन्नाच्या कामी येतात.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली सगळी उष्णता विजेच्या मापाने मोजली तर सुमारे १८० युनिटे होते. ज्योतीची गळती आणि इंडक्शनची काटकसर दोन्ही हिशेबात धरली म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक विजेवर करायला साधारण सव्वाशे युनिटे लागतात. हा आकडा गृहिणींनी ओट्याजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. वीज आणि गॅस यांचे दर कितीही वर-खाली झाले, तरी या एका आकड्यावर घरचा हिशेब घरीच करता येतो.

आता दर पाहू. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढला आणि मुंबईत त्याचा भाव ८५२ रुपये ५० पैसे झाला. नाशिकचा भाव त्याच्या जवळपासच असतो. हिशेबाला आपण ८५० धरू. विजेसाठी महावितरणचे २०२४-२५ चे दरपत्रक घेतो. घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे; शिवाय दर युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि त्या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातले युनिट ६ रुपये ८२ पैशांना आणि दुसऱ्या टप्प्यातले १३ रुपये २९ पैशांना पडले. स्थिर आकार आणि इंधन समायोजनाची रक्कम मी बाजूला ठेवली आहे. दर नेहमी बदलतात, तेव्हा वाचकांनी आपापल्या ताज्या बिलावरचे आकडे घालावेत. टप्प्यांची पायरी मात्र वर्षानुवर्षे तशीच चालत आली आहे, आणि या लेखाचे सारे मर्म त्या पायरीत आहे.

कारण सव्वाशे युनिटे पहिल्या टप्प्याच्या दराने ८५२ रुपयांची होतात. जवळजवळ पै न् पै सिलिंडरइतकी! तीच सव्वाशे युनिटे दुसऱ्या टप्प्याच्या दराने १,६६१ रुपयांची होतात. एकच डाळ, एकच भात, एकच शेगडी; पण कोणाच्या मीटरवर शिजली यावर तिची किंमत दुप्पट होते.

पहिले बिऱ्हाड: गच्चीचे धनी

गंगापूर रोडकडे माझ्या एका स्नेह्यांचा टुमदार बंगला आहे. त्यांनी गच्चीवर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसविले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेतून त्यांना ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलवर दिवसाला सरासरी चार युनिटे वीज होते. म्हणजे त्यांची महिन्याची साडेतीनशे युनिटांच्या घरात गेली. जास्तीची वीज तारेवरून कंपनीला जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. घरात इंडक्शन आहे, विजेचा कुकर आहे, बंबाच्या जागी गीझर आहे. वहिनी कौतुकाने सांगतात, “भावजी, सिलिंडरचा नंबर शेवटचा कधी लावला तेच आठवत नाही.”

त्यांचे मी मनापासून अभिनंदन केले. त्यांनी काही वावगे केलेले नाही. सवलत होती ती घेतली आणि सूर्याला कामाला लावले. पण ही सवलत घ्यायला आधी स्वतःची गच्ची लागते आणि अनुदान हाती पडेपर्यंत पदरचे लाख-दीड लाख रुपये घालण्याची ऐपत लागते, एवढे ध्यानात ठेवून पुढच्या घरी जाऊ.

दुसरे बिऱ्हाड: वाड्यातले भाडेकरू

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत चौघांचे कुटुंब राहते. नवरा खाजगी नोकरीत, बायको शिवणकाम करते, दोन मुले शाळेत. महिन्याला ११० युनिटे वीज जळते आणि सिलिंडर चाळीस दिवस पुरतो. म्हणजे गॅसचा खर्च महिना सुमारे ६४० रुपये.

त्या बाईंनी मला विचारले, “काका, आम्ही इंडक्शन घेऊ का?” मी हिशेब केला. त्यांच्या महिन्याच्या स्वयंपाकाला विजेची ९४ युनिटे लागतील. पण पहिली १०० युनिटे दिवे, पंखे, फ्रीज आणि शिवणयंत्राची मोटर यांनी आधीच खाल्लेली आहेत. तेव्हा ही ९४ च्या ९४ युनिटे दुसऱ्या टप्प्यात पडतात आणि त्यांचे १,२५० रुपये होतात. गॅसच्या दुपटीला थोडेच कमी! अर्धा स्वयंपाक विजेवर करून पाहिला तरी प्रत्येक युनिट महाग दरानेच येते. गच्ची घरमालकाची, तेव्हा सौर पॅनेलचा प्रश्नच नाही.

त्यात वाड्याच्या तारा. इंडक्शन दोन हजार वॅटपर्यंत वीज ओढते, म्हणजे जवळजवळ नऊ अँपियर. दिव्या-पंख्यांच्या साध्या प्लगला हा भार सोसत नाही; त्याला जाड तारेचा स्वतंत्र पॉवर पॉइंट आणि भक्कम अर्थिंग हवे. जुन्या लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारांवर शेगडी चालविणे म्हणजे विस्तवाशी खेळ. वायरमनचा खर्च करायचा कोणी, मालकाने की भाडेकरूने? या प्रश्नावर किती वाड्यांत बोलणे बंद झालेले आहे, ते नाशिककरांना मी सांगायला नको.

तिसरे बिऱ्हाड: उज्ज्वलाचा सिलिंडर

तिसरे घर आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून त्यांना गॅस मिळाला. चुलीच्या धुरातून सुटका झाली, म्हणून त्या आजही त्या दिवसाची आठवण काढतात. ऑक्टोबर २०२३ पासून या जोडण्यांना दर सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान झाले. म्हणजे त्यांना तो साडेपाचशेला पडतो. त्या तो दोन महिने पुरवितात, महिना २७५ रुपये. विजेचा वापर ६० युनिटांचा.

त्यांनी स्वयंपाक विजेवर नेला तर आणखी ६२ युनिटे लागतील. पहिली चाळीस स्वस्त टप्प्यात बसतील, उरलेली बावीस पायरी ओलांडतील; एकूण ५६५ रुपये. दुपटीहून अधिक! आणि गॅसचे ३०० रुपयांचे अनुदान हातचे जाईल ते वेगळेच. मी हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “काका, गॅस नाही परवडला तर मी चूल पेटवीन. लाइट नाही परवडली तर काय पेटवू?”

तीन घरांची बेरीज ही अशी. ज्याला गरज सर्वांत कमी, त्याला वीज सर्वांत स्वस्त. आणि ज्याची मिळकत सर्वांत तोकडी, त्याला बदलाचा भुर्दंड सर्वांत मोठा. शेगडीचा यात काही दोष नाही. दोष त्या पायरीचा आहे. कमी वीज वापरणाऱ्याला स्वस्त द्यावी हा टप्प्यांमागचा हेतू चांगलाच होता. पण तो ठरला तेव्हा ‘जास्त वीज म्हणजे चैन’ असे गृहीत धरले होते. वरणभाताचा कुकर विजेवर चढला की तो चैनीत कसा जमा होतो, हे कोणी तरी समजावून सांगावे!

भांडीबाजारातला लोहचुंबक

एक खर्च कोणत्याच जाहिरातीत नसतो, तो भांड्यांचा. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असेच बूड लागते. आपले नाशिक तर तांब्या-पितळेचे माहेरघर. गोदाकाठच्या भांडीबाजारातून आणलेली पातेली, आईच्या रुखवतातला पितळी डबा, ॲल्युमिनियमचा जुना कुकर, बिडाचा तवा अशी सारी मंडळी एकदा चुंबक लावून तपासली पाहिजेत. त्यात बिडाचा तवा पास होतो. पितळ, तांबे आणि साधे ॲल्युमिनियम नापास. स्टीलची काही भांडी चालतात, काही नाहीत. तेव्हा दुकानात जाताना पर्समध्ये एक लहानसा चुंबक न्यावा. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो अधिक विश्वासू.

आणि भाकरी? आजींचे म्हणणे खरे आहे. तव्यावर भाजलेली भाकरी विस्तवाशी फुलते, तशी काचेवर फुलत नाही. वांगे भाजणे, पापड भाजणे हेही ज्योतीचे काम. त्यासाठी कोणतेही भांडे चालणारी, तापून लाल होणारी विजेची इन्फ्रारेड शेगडी मिळते. तिच्यावर जाळी ठेवून काम भागते, पण ती इंडक्शनपेक्षा जास्त वीज खाते. म्हणून तूर्त बहुतेक घरांत एक सिलिंडर भाकरीसाठी राहील, आणि राहिला तरी बिघडत नाही. वीज गेली तर चहाला तोच उपयोगी.

धूर गेला कुठे?

विजेच्या शेगडीला धूर नाही, असे म्हणताना आपण नाशिकरोडच्या पलीकडे पाहतो का? एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, ते १९७९ ते १९८१ च्या दरम्यान सुरू झाले. तेथे कोळशाच्या साधारण तीन भाग उष्णतेतून एक भाग वीज हाती येते. म्हणजे रात्री कोळशाच्या विजेवर शिजविलेली आमटी ही पर्यावरणाची मोठी सेवा नव्हे. धूर ओट्यावरून उठून एकलहऱ्याच्या धुराड्यात गेला एवढेच. गृहिणीच्या फुप्फुसांना त्यात फायदा आहे, तो कमी लेखू नये. पण दिवसा, सूर्याच्या विजेवर शिजविलेले अन्न मात्र दोन्हीकडे स्वच्छ. पुढचे दिवस त्या विजेचे आहेत.

दुसरी बाजू परदेशी चलनाची. देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के बाहेरून येतो, त्यातला बहुतेक आखातातून. तिकडे कोठे तोफ उडाली की इकडे डाळ महाग होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गो इलेक्ट्रिक’ मोहिमेच्या वेळी आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी हाच प्रश्न काढला होता: आयात गॅसला अनुदान देण्यापेक्षा विजेच्या चुलीला का देऊ नये? प्रश्न रास्त होता. तो हवेत विरू नये एवढीच इच्छा.

दूरदेशी काय घडले

आपल्याआधी ही वाट चाललेले देश आहेत. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना साधारणपणे गॅसची जोडणी मिळत नाही. शेजारच्या नेपाळात २०१५ साली सीमेवर कोंडी होऊन गॅस मिळेनासा झाला तेव्हा लोकांनी नाइलाजाने इंडक्शन घेतले, आणि पुष्कळांनी ते नंतरही ठेवले.

पण आपल्याला धडा घ्यावा असा प्रयोग दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरचा. त्या देशाने २०१४ मध्ये तीस लाख घरांत इंडक्शन नेण्याचा संकल्प केला. शेगडी हप्त्याने दिली, हप्ता वीजबिलात घातला आणि स्वयंपाकासाठी महिन्याला ८० युनिटे वेगळी, मोफत दिली. म्हणजे तिथे पायरी काढून टाकली. तरीही गाडी सात लाख घरांच्या आसपास अडली. कारण गॅसचा सिलिंडर तिथे इतका स्वस्त ठेवलेला होता की लोकांना चूल बदलण्याची निकड वाटेना. दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. युनिटे वेगळी काढता येतात. आणि गॅसचे अनुदान एका हाताने, विजेचे दुसऱ्या हाताने दिले तर दोन्ही हात थकतात.

मग न्याय कसा व्हावा?

माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, ज्या घरांनी चूल विजेवर नेली त्यांची महिन्याची काही युनिटे पहिल्याच टप्प्याच्या दराने धरावीत, पायरीच्या खाली. दुसरी, उज्ज्वलाचे ३०० रुपये सिलिंडरला न बांधता त्या बाईच्या नावाला बांधावेत. तिने ते गॅसवर घ्यावेत की वीजबिलात, हे तिला ठरवू द्यावे. तिसरी, जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या तारा बदलण्यासाठी थोड्या व्याजाचे कर्ज द्यावे आणि ते बिलातून हप्त्याहप्त्याने फेडून घ्यावे. उजाला योजनेतले एलईडी दिवे काही ठिकाणी असेच हप्त्याने दिले होते, तेव्हा हे काही अघटित नाही. चौथी, ज्याला गच्ची नाही त्याला दुसरीकडच्या सामाईक सौर पॅनेलात वाटा घेता यावा.

यात पाइपच्या गॅसचाही विचार हवा. २०१८ च्या लिलावात नाशिक जिल्ह्याचा परवाना महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीला मिळाला आणि शहरातल्या काही वसाहतींत पाइप पोचला आहे. सिलिंडर चढविण्याची कटकट गेली म्हणून लोक खूश आहेत. पण उद्या ऐपतदार घरे विजेवर गेली तर जमिनीतल्या त्या नळांचा खर्च मागे राहिलेल्या थोड्या घरांवर पडेल, आणि मागे राहणारे बहुधा भाडेकरूच असतील. हे आजच ओळखून ठेवलेले बरे.

तूर्त घरी काय करावे?

सरकार काय करील ते करील. वाचकांनी आपल्यापुरते शहाणपण करावे. आधी बारा महिन्यांची बिले काढून पाहावीत. वापर दरमहा १०० युनिटांच्या बराच खाली असेल तर उरलेल्या युनिटांपुरते काम विजेवर न्यायला हरकत नाही. एक लिटर पाणी उकळायला युनिटाचा दहावा भाग लागतो. पहिल्या टप्प्यात सुमारे सत्तर पैसे. चहा, दूध, भात ही कामे आधी न्यावीत. शंभराच्या वर वापर असेल आणि गच्ची नसेल तर घाई करू नये; जुना फ्रीज व जुने पंखे बदलून आधी वापर उतरवावा. गच्ची असेल तर सोसायटीच्या सभेत विषय काढावा. गृहसंस्थांच्या सामाईक वापरासाठीही दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र हिशेब न पाहता करावी. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो आजच काढावा. निफाडकडून थंडीचा वारा सुटला की आपण खिडकी लावून घेतो, आणि त्या कोंडलेल्या हवेत ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग; माणूस बसल्या जागी शुद्ध हरपतो. वीस लिटर कोमट पाण्याला विजेची सुमारे सहा दशांश युनिटे लागतात, म्हणजे महाग टप्प्यातही आठ रुपये. जिवापुढे आठ रुपयांचा हिशेब कोणी करू नये.

शेवटी एक विनंती. वीजदर ठरण्याआधी नियामक आयोग जनसुनावणी घेतो; नाशिकमध्येही ती होत आलेली आहे. तेथे कारखानदार येतात, शेतकऱ्यांचे पुढारी येतात आणि आपापली बाजू जोराने मांडतात. ओट्याची बाजू मांडायला सहसा कोणी येत नाही. पुढच्या सुनावणीला गृहिणींनी आपली हिशेबाची वही घेऊन जावे आणि साहेबांना एवढेच विचारावे: “शंभरावे युनिट ६ रुपये ८२ पैशांना आणि एकशे एकावे १३ रुपये २९ पैशांना, मधल्या त्या एका पावलात माझ्या वरणात असे काय पडले?”